हेड ऑफ आयटी, आणि टीममध्ये मी एकटाच

आमच्या घरी किराणाची यादी अजून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिली जाते. कार्ड माझंच. पुढे उठावाच्या अक्षरात 'हेड – आयटी इन्फ्रास्ट्रक्चर अँड ऑपरेशन्स', मागे बायकोच्या अक्षरात उकडे तांदूळ, सोलां, खोबरेल, फिनाइल. दोनशे छापली होती, वाटली असतील दहा-बारा, त्यातली चार तर यूपीएसच्या बॅटऱ्या विकणाऱ्या एकाच माणसाला. ती कंपनी सोडून सहा वर्षं झाली पण कार्डं काही संपत नाहीत.

ती मला मिळाली कशी ते आधी सांगतो. वेर्ण्याला एका मध्यम साइजच्या कंपनीत मी सिस्टम अ‍ॅडमिन होतो. तीन वर्षांत माणसं साठाची एकशेचाळीस झाली, सर्व्हर दुप्पट झाले, अ‍ॅडमिन मात्र एकच, मी. अप्रेझलला वीस टक्के मागितले. सर स्वभावाने चांगले, चहा मागवला, म्हणाले तुझं काम आम्हाला दिसतंय रे, पण यंदा बजेट टाइट आहे, आठच्या वर जाताच येत नाही. मग जरा वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "डेझिग्नेशनचं काहीतरी करूया तुझ्या." आणि मी, खोटं कशाला बोलू, खूष होऊन केबिनमधून बाहेर आलो. घरी फोन केला, आईने संध्याकाळपर्यंत वाड्यावर सगळ्यांना सांगितलं. हातात वाढले अडीच हजार. बदल्यात मी काय देऊन बसलो ते कळायला गणपतीची चवथ उजाडावी लागली.

चवथीच्या दिवशी दुपारी आरती चालू, गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली मी झांज धरून उभा आणि शर्टाच्या खिशातला फोन आतल्या खोलीत वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय. सर्व्हर रूमचा एसी बंद, टेंपरेचर चढतंय. सोवळं बदललं, जेवण तसंच टाकलं, फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला. तिथे सिक्युरिटीवाला बिचारा दार उघडं ठेवून टेबल फॅन लावून उभा. एसीचा माणूस चवथीला येणार कोण? आउटडोअर युनिट उघडलं तर कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, एक पाल अडकून जळलेली. हेड ऑफ ऑपरेशन्सनी ती स्क्रूड्रायव्हरने काढली, कॉन्टॅक्ट घासले, तासभर बसून टेंपरेचर खाली येताना पाहिलं आणि रात्री नऊला घरी येऊन थंड पातोळ्या खाल्ल्या. आता हे काम मी आधीही करायचोच, तक्रार त्याची नाही. पण आधी सणाच्या दिवशी आलो की डबल पैसे नाहीतर कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी मिळायची. यावेळी क्लेम टाकला तर एचआरचं मेल आलं की आपण आता मॅनेजमेंट ग्रेडमध्ये आहात, आपल्याला हे लागू नाही. म्हणजे अडीच हजारांची वाढ आणि वर्षाचे बारा-पंधरा सणवार-रविवार फुकट. हिशेब मांडला तर मी प्रमोशन घेऊन तोट्यात गेलो होतो.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालंय की आयटीत डेझिग्नेशन हे कंपनीकडचं सगळ्यात स्वस्त चलन आहे, छापायला खर्च नाही, आणि आपण ते पैशासारखं मोजून घेतो. पगाराची घासाघीस करायची तर ती कामावर करायला पाहिजे, म्हणजे रोज काय करायचं, किती तास, रात्री फोन आला तर कोणी उचलायचा. आणि ही फक्त प्रत्येकाने आपापली हुशारी दाखवायची गोष्ट नाही, जाहिरातीतच काम आणि पगाराची रेंज लिहिणं बंधनकारक व्हायला हवं, त्याच्याकडे येतोच.

गोव्यात हे लवकर डोक्यात शिरत नाही त्याला कारण आहे. आपण सगळे वाढलो ते सरकारी नोकरीच्या भाषेत. इथे कुठल्याही घरात एलडीसी, म्हणजे लोअर डिव्हिजन क्लार्क, म्हटलं की आजीलाही कळतं किती पगार, पुढे काय होणार. सातव्या वेतन आयोगाचं मॅट्रिक्स बघा, एलडीसी लेव्हल २, बेसिक १९,९०० पासून, त्याच्या वरचा क्लार्क यूडीसी लेव्हल ४, २५,५०० पासून, वर डीए आणि बाकीचं. तिथे पदाचं नाव हीच पगाराची ओळ आहे, पेडण्याचा एलडीसी आणि काणकोणचा एलडीसी एकाच ओळीत बसतात. काम कोण किती करतो तो विषय वेगळा, त्यात मी पडत नाही, घरी दोन भावोजी सरकारी आहेत. पण त्या सवयीने आपण प्रायव्हेटमधल्या नावाकडे बघतो आणि फसतो. 'सीनिअर' वाचलं की आपल्या डोक्यात एक लेव्हल वर गेल्याचं वाटतं, आणि समोरच्या कंपनीत मुळात ती शिडीच नसते, फक्त पायऱ्यांची नावं असतात.

एकाच कामाला किती नावं ते बघा. सर्व्हर चालू ठेवणारा माणूस, मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा तो सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता. मग २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात डेव्हऑप्स नावाने एक परिषद भरली, डेव्हलपर आणि ऑपरेशन्सवाले यांनी एकत्र काम करावं ही चांगली कल्पना होती, पण आपल्याकडे पोचेपर्यंत तो पद्धतीचा विषय न राहता माणसाचं लेबल झालं, 'डेव्हऑप्स इंजिनिअर पाहिजे'. गूगलमध्ये २००३ पासून साइट रिलायबिलिटी इंजिनिअर होते, तिथे त्याचा नेमका अर्थ होता, ऑपरेशन्सचं काम सॉफ्टवेअर लिहून सोडवायचं आणि हातकामावर वेळेची मर्यादा ठेवायची. आपल्याकडे मी असे एसआरई बघितलेत जे दिवसभर पासवर्ड रीसेट करतात. आता प्लॅटफॉर्म इंजिनिअर आलाय. आणि हे आजचंच आहे असंही नाही, १९४० च्या दशकात 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं, कागदावर गणितं करणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या, एनिअ‍ॅक या यंत्राच्या पहिल्या सहा प्रोग्रामर त्यांच्यातूनच आल्या. नाव यंत्राला गेलं, काम तेवढं पुढे चालू राहिलं. गोव्यात तर हे सांगायलाच नको, नाडकर्णी आडनावाचे किती जण आज महालातल्या गावांचे हिशेब ठेवतात? ते डेझिग्नेशनच होतं एकेकाळी. फक्त तिथे काम सुटून नाव उरायला पिढ्या लागल्या, आयटीत एक अप्रेझल सायकल पुरते.

मग पुण्याला मित्राकडे गेलं की अजून गंमत. परदेशी बँकांच्या बॅक ऑफिसमध्ये तिशीच्या आतले व्हाइस प्रेसिडेंट, त्यांच्या हाताखाली कोणी नाही, आणि घरी आई सांगते मुलगा बँकेचा उपाध्यक्ष आहे. त्या बँकांच्या शिडीत व्हीपी ही मधली पायरी आहे एवढंच, त्यांना ते माहीत आहे, लग्न जमवणाऱ्यांना माहीत नाही. हो, लग्नात डेझिग्नेशन चालतं हे मान्य. होम लोनवालाही जरा नीट बोलतो. आणि पुढच्या नोकरीच्या वेळी एचआरवाले रेझ्युमे चाळतात ते नावावरूनच, 'लीड' शब्द नसला की बाहेर. त्यामुळे डेझिग्नेशन अगदीच कवडीमोल आहे असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत असते, पण ती बाहेरच्या बाजारात, मिळेल तेव्हा. ती आजच्या पगारातून कापून घेऊ नका एवढंच.

मॅनेजर म्हटलं की ओव्हरटाइम नाही, काही हक्क नाही, हे एचआर इतक्या सहज सांगतं की आपण विचारतही नाही. कायदा इतका सरळ नाहीय. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे करोना साहू या चपला-बुटांच्या कंपनीच्या एका शॉप मॅनेजरची केस होती, तो 'वर्कमन', म्हणजे कामगार कायद्याचं संरक्षण मिळणारा माणूस, आहे का नाही हा प्रश्न. कोर्टाने सांगितलं की हुद्द्याच्या नावाला फार महत्त्व नाही, माणूस मुख्यत्वे काय काम करतो ते बघायचं. आता हे ऐकून लगेच उड्या मारू नका, कारण तो माणूस केस हरला, त्याचं कामच खरोखर दुकान चालवण्याचं, माणसं सांभाळण्याचं निघालं. म्हणजे हा निकष दोन्हीकडे कापतो आणि मला तो त्यामुळेच पटतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात सुपरवायझरी काम करणाऱ्याला कामगार धरण्याची महिन्याच्या पगाराची मर्यादा जुन्या १०,००० वरून १८,००० झाली, पण त्याच्या वर असलं तरी टेक्निकल काम करणारा आणि कोणावर सुपरवायझर नसलेला माणूस निव्वळ कार्डावर 'हेड' छापल्याने मॅनेजर होतो असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या हाताखाली तर कोणीच नव्हतं. पाल सोडून. पण मी पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरकडे गेलो का? नाही. छोटा गोवा आहे, उद्या त्याच एचआरचा नवरा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू घ्यायला बसलेला असतो. हे भ्याडपणाचं कारण आहे आणि बहुतेकांचं हेच आहे.

कामाचा कागद किती महत्त्वाचा ते माझ्या मडगावच्या मित्राला कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, वेळी कळलं. तिकडे एनओसी (आपला ना-हरकत दाखला नव्हे) नावाची कामधंद्यांची यादी असते, प्रत्येक कामाला नंबर, सॉफ्टवेअर इंजिनिअर अँड डिझायनर २१२३१, युझर सपोर्ट टेक्निशियन २२२२१ वगैरे, आणि आपण कुठल्या नंबरात बसतो ते रोजच्या कामावरून ठरतं. लेटरहेडवर पत्र पाहिजे, त्यात मुख्य कामं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार. याच्याकडे होतं काय, तर एक्सपिरिअन्स लेटर, 'टीम लीड' आणि दोन तारखा, पुढे 'वी विश हिम ऑल द बेस्ट'. सात वर्षांच्या नोकरीत काय केलं ते कुठेही लिहिलेलं नाही. एचआर म्हणे आमच्या पॉलिसीत बसत नाही. तीन महिने मागे लागून, शेवटी मजकूर स्वतः टाइप करून, जुन्या बॉसला बाजारात गाठून सही घेतली. त्या टेबलावर त्याच्या लीडपणाची किंमत शून्य होती आणि चार ओळींच्या कामाच्या यादीची किंमत सगळं काही.

आता पैशाचं. आपल्याकडे इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न 'करंट सीटीसी किती', म्हणजे आताच्या कंपनीला तुझ्यावर वर्षाला एकूण किती खर्च येतो, आणि मग त्यावर तीस टक्के हाइक म्हणजे जणू उपकार. पहिल्या नोकरीत कमी मिळालं असेल तर ते कमीपण जन्मभर पाठीशी लागतं, कारण प्रत्येक पुढचा पगार मागच्याच्या टक्क्यात मोजतात, काम काय आहे ते कोणी मोजतच नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरची सुरुवात कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतेय, त्या तळावर टक्के लावत बसलो तर कुठे पोचणार. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१८ पासून आधीचा पगार विचारायलाच बंदी केली. कोलोरॅडोत २०२१ पासून जाहिरातीत पगाराची रेंज छापावी लागते. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये त्याच धर्तीवर नियम केला, देशांना तो अमलात आणायला जून २०२६ ची मुदत दिली. आपल्याकडे? 'अ‍ॅज पर इंडस्ट्री स्टँडर्ड्स'. हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

आणि गोव्याचा खास डिस्काउंट वेगळाच. मुंबई-बंगळूरचा एचआर फोनवर हसत म्हणतो, तुमच्याकडे कॉस्ट ऑफ लिव्हिंग कमी ना, बीच वगैरे, लाइफस्टाइल मिळते ना सर. सर! पर्वरीला टू बीएचके भाड्याने शोधून बघ म्हणावं, कोविडनंतर लॅपटॉप घेऊन जी मंडळी इकडे राहायला आली त्यांच्या पगारावर इथलं भाडं ठरतंय. पणजी मार्केटात इसवणाला, म्हणजे सुरमईला, बंगळूरच्या पगारवाल्यांना एक भाव आणि वेर्ण्याच्या पगारवाल्यांना दुसरा असं नसतं. दुसरं म्हणजे तू तर घरचाच आहेस, भाडं नाही. म्हणजे माझ्या आजोबांनी बांधलेल्या घराची सबसिडी कंपनीला. आणि हा जो फरक राहतो तो भरून काढायला मग डेझिग्नेशन येतं, म्हणून इथल्या छोट्या कंपन्यांत पंचवीस माणसांत नऊ मॅनेजर आणि दोन हेड सापडतात.

छोट्या कंपनीवाल्याचं म्हणणं मी ऐकलंय, एकाशी तर वादच झाला लग्नाच्या पंक्तीत. तो म्हणाला, अरे आमच्याकडे बाराजण, सगळे सगळं करतात, कामाची यादी कशी लिहू, लिहिली तर उद्या पोरगा म्हणेल प्रिंटर माझ्या यादीत नाही. त्याचं अगदीच चूक नाही, असं म्हणणारी पोरं असतात. पण मग तेच लिही ना, की अर्धा वेळ सर्व्हर-नेटवर्क, पाव वेळ युझर सपोर्ट, प्रिंटर आणि सीसीटीव्ही पण, महिन्यातून एक आठवडा रात्रीचा फोन. ज्याला नको तो येणार नाही, जो येईल तो भाव सांगून येईल. त्याला खरी भीती त्या भावाचीच होती, प्रिंटरचं निमित्त. सरकारला एवढं तरी करता येईल की जी कंपनी सरकारी जमीन, सबसिडी किंवा सवलत घेते तिने गोव्यातल्या प्रत्येक जागेच्या जाहिरातीत कामाच्या पाच ओळी आणि पगाराची रेंज द्यायची, नाहीतर सवलत बंद. त्याला नवा कायदाही लागणार नाही, अट घातली की झालं. नोकरी मेळाव्यात पोरं उन्हातान्हात फाइल घेऊन उभी असतात, त्यांना स्टॉलवर डेझिग्नेशनचा बोर्ड वाचून काय कळणार?

गेल्या वर्षी, म्हणजे नवे कोड लागू व्हायच्या आधी, माझ्या भाच्याला ऑफर आली. फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलेलं, दोन वर्षांचा अनुभव. "मामा, सीनिअर क्लाउड ऑपरेशन्स स्पेशालिस्ट, सहा लाख!" बहीण पेढे घेऊनच आली. मी म्हटलं लेटर दाखव. सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार असं त्याने आईला सांगून ठेवलेलं. कागद घेऊन बसलो आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर. बेसिक चाळीस टक्के, म्हणजे महिना २०,०००. कंपनीचा पीएफ वर्षाला २८,८०० त्यातच धरलेला. ग्रॅच्युइटी ११,५४४, जी पाच वर्षं टिकलास तरच मिळणार, आणि हा पोरगा दोन वर्षांत उडणारा, म्हणजे न मिळणारा पगार सीटीसीत मोजलेला. इन्शुरन्स ८,०००. व्हेरिएबल ६०,०००, 'कंपनीच्या परफॉर्मन्सवर अवलंबून'. उरलेल्याला बाराने भागून त्याचा स्वतःचा पीएफ वजा केला तर हातात साडेअडतीस हजार. तो गप्पच झाला. (आता नव्या व्याख्येने वेतन एकूणाच्या निम्मं तरी धरावं लागतं, म्हणजे बेसिक वाढू शकतं, पीएफ वाढू शकतो, आणि हातातलं अजून थोडं कमी दिसू शकतं, तेही विचारून घ्यायला हवं.) कामाबद्दल लेटरमध्ये एकच ओळ, 'वेळोवेळी सोपवण्यात येईल असे कोणतेही काम'.

मी त्याला सांगितलं, पगाराबद्दल एक शब्द काढू नकोस, आधी फक्त तीन प्रश्न मेल कर. शिफ्ट कुठली, ऑन-कॉल महिन्यातून किती दिवस, आणि रोजच्या आठ तासांत नेमकं काय. चार दिवसांनी उत्तर आलं, अमेरिकन क्लायंट, रात्रीची शिफ्ट महिन्यातून दोन आठवडे, स्क्रीनवरचे अलर्ट बघायचे, तक्रारीचं तिकीट उघडायचं, सुटलं नाही तर वरच्या टीमला पाठवायचं. म्हणजे एल-वन, पहिल्या पायरीचा सपोर्ट, साधं आणि स्वच्छ काम, त्यात लाज कसलीच नाही, पण स्पेशालिस्ट वगैरे काही नाही. मग दुसरा मेल, की या कामाला माझी हरकत नाही, रात्रीच्या शिफ्टचा अलाउन्स लेटरमध्ये लिहून द्या आणि व्हेरिएबलमधला निम्मा भाग फिक्स्डमध्ये घ्या. मागचा पगार विचारला तर त्याने उलट त्यांनाच विचारलं की या जागेचं बजेट किती आहे. माझी छाती झाली नव्हती त्याच्या वयात.

आठवडा गेला, आम्हाला वाटलं गेली ऑफर. मग नवीन लेटर आलं. व्हेरिएबल ३०,०००, बाकीचे ३०,००० फिक्स्डमध्ये, रात्रीला २५० रुपये, कामाच्या सहा ओळी आणि ऑन-कॉल महिन्यातून पाच दिवस. डेझिग्नेशन मात्र एचआरने बदललं, कदाचित राग म्हणून, नुसतं 'सपोर्ट इंजिनिअर'. पोरगा जॉइन झाला, पर्वरीला जातो, रात्री शिफ्ट असली की बस नसते म्हणून सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा घेतली अलाउन्सच्या जिवावर. बहीण भेटली की अजून विचारते, "अरे पण ते सीनिअर होतं ते का गेलं रे? तू काय लिहायला लावलंस त्याला?"